बावड्याची बारकी

शेंगदाण्याची चटणी करायची होती. दाणे भाजले, फोलपटं पाखडली, लसूण-तिखट-मीठ घालून मिक्सरचं भांडं बसवलं आणि बटण फिरवलं. पलीकडे आमची कुत्री बारकी तिच्या वाडग्यातला भात-चिकन खात होती. आमच्याकडे येऊन तिला तोवर बरेच दिवस झाले होते. आमच्या पायांतून न बिचकता वावरायला लागली होती, खाताना कुणी शेजारून गेलं तरी मान वर करत नव्हती. मिक्सर सुरू झाला आणि तिनं खाणं सोडलं. घाबरली म्हणावं तर घाबरली की ती शेपूट पोटाखाली घेते आणि सोफ्यामागे जाऊन बसते. आता ती सावकाश चालत पुढच्या दाराशी गेली, तिथं बसली आणि बंद दाराकडे बघत राहिली. मी मिक्सर बंद केला तरी ती तिथंच. नाव घेऊन बोलावलं तर एकदा माझ्याकडे बघितलं आणि परत दाराकडे तोंड केलं. पुढं ओल्या नारळाचं वाटण काढताना तसंच झालं, इडलीचं पीठ वाटतानाही तसंच. कुकरच्या शिट्टीचं तिला काही नाही. वॉशिंग मशीन थडथडलं तरी झोपून राहते, गल्लीतनं बुलेट फटफटत गेली तर एक कान हलवते. फक्त मिक्सर, आणि मग ते दार.

कशामुळे ते माझ्या ध्यानात आलं तेव्हा चटणी तशीच भांड्यात ठेवून मी ओट्याला टेकून उभी राहिले.

आम्ही तिला आणायला गेलो त्या संध्याकाळी तिथून निघताना शेवटचा आवाज मिक्सरचाच होता. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात, मुख्य रस्ता सोडून आत गेलं की एक बैठं घर आहे. पुढं शहाबादी फरशीचं अंगण, त्यावर अर्ध्या भागात पत्रा, कडेला तुळस आणि तुळशीला जाळी लावलेली. तिथल्या वहिनी टाकलेली, जखमी, आजारी कुत्री बरी होईपर्यंत आणि त्यांना कायमचं घर मिळेपर्यंत स्वतःच्या घरात सांभाळतात. कागद भरून झाले होते. आमच्या ओळखपत्रांच्या प्रती, लस वेळेवर देऊ, विकणार नाही, परस्पर कुणाला देणार नाही, आणि काही कारणानं सांभाळणं जमलं नाही तर रस्त्यावर न सोडता परत इथंच आणून देऊ, असं लिहिलेल्या कागदावर दोघांच्याही सह्या. एका निळ्या फाईलमध्ये तिचं लसीचं कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, ऑपरेशनचा कागद. वहिनींनी त्यांच्या जुन्या सुती साडीचा एक तुकडा घडी घालून पिशवीत ठेवला, "धुऊ नका लगेच, वास राहू दे" म्हणाल्या. आणि मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी आत जातो. मिक्सर लावतो. आवाज आला की तिला उचला आन् निघा. मला हाक मारू नका." त्या आत गेल्या. मिक्सर घरघरायला लागला. नवऱ्यानं बारकीला उचललं आणि आम्ही रिक्षात बसलो. एक गोष्ट तेव्हाही मला जरा नवलाची वाटली होती. त्या आवाजानं बारकीचे कान उभे राहिले आणि शेपूट हलली. माझ्या मांडीवर बसून ती अंगणाकडे बघत होती आणि तिची शेपूट माझ्या मनगटावर आपटत होती.

नंतर मी त्या आवाजाची माझ्या मनाशी एक गोष्ट तयार केली. मिक्सर लागला की आपल्याला कुणीतरी उचलून नेतं, असं या जीवाच्या डोक्यात पक्कं बसलंय. म्हणून ती दाराशी जाते. आता मला कोण न्यायला येणार, याची वाट बघते. या विचारानं मला कितीतरी दिवस वाटण पाट्यावर करावंसं वाटत होतं. दोनदा केलंही.

वहिनींकडे हे कसं सुरू झालं ते त्यांनीच सांगितलं होतं. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर ज्या दोन आकड्यांवर डोळे लावून बसतं, 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका, ते त्यांच्या बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरचे, पंचगंगेच्या पाण्याचे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. नदीकाठच्या गावांतली माणसं नावांतून बाहेर काढली जात होती आणि नावेत आधी माणसंच घ्यायची, हेही बरोबरच होतं. वहिनींच्या नात्यातलं एक कुटुंब निघालं ते पोराच्या शर्टात कुत्र्याचं पिल्लू दडवून. निवाऱ्याच्या जागी त्याला कुठं ठेवणार, म्हणून ते वहिनींच्या पदरात घातलं, "आठ दिवस ठेव". ते राहिलं पार गाव धुऊन-पुसून होईपर्यंत. तोवर ते वहिनींच्या उशाशी झोपायला लागलं होतं. मग ज्याचं होतं त्यानं नेलं. "रडलो की," त्या म्हणाल्या, "पण त्येंचंच व्हतं ते. द्यायलाच पायजे." त्यानंतर कुणीतरी पाय मोडलेलं एक आणलं, मग अंगावर केस नसलेलं एक. डबे करून घर चालवणारी बाई. पहाटे चारला उठून कॉलेजच्या पोरांचे डबे भरणार, नऊनंतर कुत्र्यांची औषधं. नवरा उद्यमनगरात फौंड्रीत. घरात दोन खोल्या. एका वेळी दोनच कुत्री घ्यायची आणि पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा तो जीवघेणा साथीचा आजार, झालेलं पिल्लू घरात असलं तर दुसरं कुठलंच पिल्लू आत घ्यायचं नाही, हे त्यांचे नियम. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, साध्या साबणाला दाद देत नाही, म्हणून फरशी ब्लीचिंगच्या पाण्यानं. फिनेल मात्र बंद, कुत्री फरशीवर चालतात आणि तेच पंजे चाटतात. हे सगळं त्यांना डॉक्टरांमागं उभं राहून, प्रश्न विचारून विचारून कळलेलं. मोठ्या निवाराकेंद्रात पन्नास भुंकणाऱ्या कुत्र्यांत पाच-सहा किलोचा जीव टिकणं अवघड असतं. भीतीनं खाणं सुटतं, खाणं सुटलं की आजार धरतो. अशा बारक्या कुत्र्यांसाठी कुणाचं तरी स्वयंपाकघर, कुणाचा तरी पलंग, कुणाची तरी रात्रीची झोपमोड लागते.

बारकी तावडे हॉटेलपाशी सापडली होती, हायवेच्या सर्व्हिस रोडला, पावसात. पांढरे केस, पण तेव्हा ते पांढरे आहेत हे कळायलाही मार्ग नव्हता. केसांच्या गाठी होऊन अंगाला घट्ट लोकरी साल चढल्यागत झालेलं, त्यात गोचिड. आपल्याकडे ज्याला सरसकट पॉमेरियन म्हणतात त्या जातीची, म्हणजे खरं तर इंडियन स्पिट्झ, आणि तीही पूर्ण नाही, कुठंतरी गावठी रक्त मिसळलेलं. एक कान उभा, दुसरा अर्ध्यात मुडपलेला. गोचिडतापानं रक्त उतरलेलं, पुढं आठवडेच्या आठवडे डॉक्सीसायक्लिन हे औषध चालू होतं. पोट सुजलं म्हणून तपासलं तर गर्भाशयात पू. तातडीनं ऑपरेशन केलं नसतं तर गेलीच असती. डॉक्टरांनी तिची ओघळलेली आचळं बघितली, झिजलेले दात बघितले, पुढच्या पंजांची फाकलेली बोटं बघितली आणि सांगितलं की ही बराच काळ जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात असणार आणि हिच्याकडून पिल्लांवर पिल्लं काढून घेतलेली असणार. पिल्लं होईनाशी झाली, आजारी पडली, तेव्हा हायवेला आणून सोडली. कुणी, ते कळलं नाही. कळणारही नाही.

यावर नियम आहेत. 2017 साली कुत्र्यांच्या पैदाशीसाठी आणि विक्रीसाठी केंद्राचे वेगळे नियम आले. पैदास करणाऱ्यानं नोंदणी करायची, 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, एका मादीकडून वर्षात एकाहून जास्त वेत घ्यायचं नाही. जनावराला उपाशी-तहानेलं मरायला सोडून देणं हा तर 1960 च्या कायद्यानं गुन्हाच आहे. पण त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर कमीत कमी 10 रुपये आणि जास्तीत जास्त 50. मी तो आकडा वाचला त्या दिवशी मला कुणाशी बोलावंसं वाटेना. बारकी पायाशी झोपली होती. झोपेत तिचे पाय पळत होते.

पन्नास रुपये.

तिला आणायचं ठरलं त्याच्या आधी वहिनी आमचं घर बघायला आल्या होत्या. राजारामपुरीतलं आमचं घर जुनं, वर गच्ची. त्यांनी गेटच्या गजांमधलं अंतर वीत लावून बघितलं, गच्चीचा कठडा बघितला, खालच्या खोलीतला पंखा चालतो का तेही बघितलं. दिवसभर घरी कोण असतं, गावाला गेलात तर कोण बघणार, मुलगी पुण्याहून आली की तिला चालेल का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "आज्जींशी बोलायचंय. एकट्यांशी." सासूबाई शिवाजी पेठेतल्या, जुन्या वळणाच्या. देवघरात सोवळं, स्वयंपाकघरात आंघोळीशिवाय पाऊल नाही. आम्ही दोघांनी आणि पुण्याहून फोनवर मुलीनं मिळून त्यांचं मन वळवलं, असं आम्ही समजत होतो. खरं तर त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं, फक्त सांगितलं होतं. वहिनींनी दार लोटून घेतलं. बऱ्याच वेळानं दोघी बाहेर आल्या त्या चहाचे कप हातात घेऊन. आत काय बोलणं झालं ते दोघींनीही आजवर सांगितलेलं नाही. संध्याकाळी जेवताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "देवघराचा उंबरा सोडून कुठंबी फिरू दे." देवघरात वाडीहून आणलेली दत्ताची तसबीर आहे आणि दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, हे नवऱ्यानं हळूच निदर्शनाला आणून दिलं. "ती सोवळ्यातली हायत," सासूबाई म्हणाल्या आणि विषय संपला.

पहिले दिवस अवघड गेले. मी लहानपणापासून कुत्र्यांत वाढलेली, तरी असं कुत्रं बघितलं नव्हतं. आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत कायम एखादं कुत्रं असायचं. ते कुणाचं, असा प्रश्न पडायचा नाही. रात्री तालमीच्या पायरीवर झोपायचं, सकाळी पैलवान आत गेले की उठायचं आणि घरोघर हजेरी लावायचं. आई भाकऱ्या झाल्या की उरल्या पिठाची एक चानकी थापायची. ती पोरांना नाही मिळायची, ती दारात जायची. कुत्रं म्हातारं झालं, आंधळं झालं, तेव्हा गल्लीतल्या बायका गाडी आली की ओरडून सांगायच्या, "हळू रे, म्हातारी झोपलीय." ती कुत्री माणसाकडे मान वर करून बघायची. हक्कानं पायावर पाय द्यायची. आता त्याच गल्लीत तीन मजली इमारती आहेत, पार्किंगला शटर आहेत आणि कुत्र्यांना खाऊ घालण्यावरून भांडणं आहेत. चावलेल्या पोरांच्या आयांचा रागही खोटा नाही, मी त्यांच्या जागी असते तर मीही भांडले असते. 2025 मध्ये तर हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन घराघरात बोलला गेला. त्यावर मला इथं काही म्हणायचं नाही. मला इतकंच आठवतं की त्या गल्लीतल्या कुत्र्याला जगात आपली जागा आहे हे ठाऊक होतं.

बारकीला ते ठाऊक नव्हतं. तिला दिवाणखान्याच्या मधोमध ठेवलं तर ती तिथंच गोल फिरायची. एवढी मोठी मोकळी खोली, आणि ती दोन फुटांच्या जागेत उजवीकडून, पुन्हा उजवीकडून, पुन्हा उजवीकडून. नखांचा टकटक आवाज एकाच लयीत. पिंजरा नव्हता, पण पिंजऱ्याच्या भिंती जिथं असत तिथं ती वळायची. वहिनींनी फोनवर सांगितलं, तिला थांबवू नका, उचलू नका, तुम्ही आपापलं काम करा, फक्त त्याच खोलीत बसा. सासूबाई वाती वळत बसायच्या, नवरा पेपर वाचायचा. दिवसा ती काही खायची नाही. रात्री आम्ही दिवे घालवले की अंधारात वाडगं सरकल्याचा आवाज यायचा आणि मी बिछान्यात पडल्या पडल्या तो ऐकत राहायचे. झोपायची मात्र न्हाणीघरात, मोरीच्या कोपऱ्यात, थंड फरशीला पाठ लावून. वहिनींच्या साडीचा तुकडा तिथं नेऊन अंथरला, तर त्यावर नाक ठेवून झोपली. केरसुणी हातात घेतली की लघवी व्हायची तिची, उभ्या जागी. मग केर काढायचं काम ती गच्चीत असताना.

गोल हळूहळू मोठा होत गेला. कधी, ते सांगता येणार नाही. एक दिवस ती वळताना टीपॉयच्या पलीकडून वळली. पुढं कधीतरी सोफ्याच्या पलीकडून. आणि एका दुपारी ती वळलीच नाही, सरळ चालत येऊन सासूबाईंच्या वातींच्या परडीला नाक लावलं आणि शिंकली. सासूबाईंनी हाताची हालचाल थांबवली नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे हसत होते.

त्याच सुमाराला टोपड्याची गोष्ट झाली. सासूबाई नात्यागोत्यातल्या बाळंतिणींसाठी लोकरीची टोपडी विणतात, कायम एक-दोन तयार असतात. एक टोपडं सापडेना. शोधाशोध केली तर ते बारकीच्या अंथरुणात. ती आडवी पडली होती, टोपडं पोटाशी घेतलेलं, आणि ती ते चाटत होती, एका बाजूनं, मग नाकानं उलटवून दुसऱ्या बाजूनं, लोकर चिप्प होईपर्यंत. मी हात पुढं केला तर पहिल्यांदाच गुरगुरली, अगदी बारीक आवाजात. डॉक्टर म्हणाले, गर्भाशय काढल्यावरही काही दिवस शरीरातली संप्रेरकं असं करायला लावतात, होईल कमी. कमी झालंही. पण त्या दिवशी सासूबाई खाली बसल्या, गुडघे दुखत असताना जमिनीवर बसल्या, तिच्यापासून हातभर अंतरावर, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "काढून घेतली असतील गं हिची. डोळं उघडायच्या आत." सासूबाईंचं पहिलं मूल पाच दिवसांचं होऊन गेलं होतं, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी दुसऱ्याच कुणाकडून कळलेलं. त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, त्या दिवशीही नाही. त्यांनी पिशवीतनं दुसरं टोपडं काढलं आणि बारकीच्या पुढ्यात ठेवलं. तिनं तेही आत ओढून घेतलं.

आता रोज सकाळी आम्ही रंकाळ्यावर जातो. पहिल्यांदा तिला पाण्याचा वास आला तेव्हा ती कठड्यापाशी थबकली, नाक वर, नाकपुड्या थरथरत. शेवाळ, ओला दगड, भेळवाल्यांच्या रात्रीच्या कचऱ्यातला कांदा, कुणाच्या अंगावरचं उटणं, तिला तिथं काय काय कळत असेल. तिला चालायला घाई नाही. एका खांबापाशी पाच मिनिटं थांबते, मीही थांबते. लोक मायेनं विचारपूस करतात. पहिला प्रश्न, "जात कुठली?" दुसरा, "केवढ्याला आणली?" विकत आणलेली नाही म्हटलं की चेहऱ्यावर जरा गोंधळ. मग, "मादी काय? मग पिल्लं काढा की एकदा तरी." ऑपरेशन झालंय म्हटलं की हळहळ, "अरेरे, असली देखणी." मी पूर्वी पुढं निघून जायचे. आता थांबून सगळं सांगते. पिंजरा, बोटं, आचळं, पू, हायवे. सकाळच्या फिरण्यात कुणाला असलं ऐकायचं नसतं, मला कळतं. तरी सांगते. एका काकांनी ऐकून घेतलं, वाकून तिच्या पुढच्या पंज्याकडे नीट बघितलं आणि न बोलता गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर कॉलेजातला नातू होता. "ह्याला सांगा," म्हणाले, "ह्यो पिल्लू विकत घ्यायचं म्हणतोय."

आणि बरेचजण म्हणतात, "पुण्य केलंत." हे ऐकलं की मला आत कुठंतरी टोचतं. आम्हाला तर ती मिळाली. सकाळी पलंगावर पुढचे दोन पाय टेकवून तोंडाशी तोंड आणणारी, नवरा बाहेरून आला की त्याच्या चपलेवर बसून राहणारी, आपणहून आमच्याजवळ येणारी बारकी. ऑपरेशननंतर टाक्यांना तोंड लावू नये म्हणून तिच्यासोबत जागलेल्या रात्री वहिनींच्या. गोचिड चिमट्यानं काढून वाटीत टाकत बसलेल्या दुपारी त्यांच्या. माणसाच्या हाताला पहिल्यांदा तिनं नाक लावलं तो हात त्यांचा. आणि हे सगळं करताना त्यांना माहीत होतं की ती बरी झाली की जाणार. आपलं माणूस परगावी शिकायला धाडताना माझा जीव कितीदा मागे फिरला होता, आणि तिथं तर फोन होता, सुट्टी होती. मला सोडून देणं जमत नाही, कधीच जमलेलं नाही. मी जुन्या वह्या टाकत नाही. म्हणून तो मिक्सर माझ्या डोक्यातून जात नव्हता.

वहिनींना मी कितीदा घरी बोलावलं. व्हिडिओ पाठवला की त्यांचं उत्तर लगेच यायचं, पण यायचं म्हटलं की "येतो की सवडीनं". आल्या त्या दसऱ्याला. दसरा चौकातला सोहळा बघून माणसं परतत होती, रस्त्यावर गर्दी, आणि त्या गेटमध्ये उभ्या, हातात आपट्याची पानं. मी आतून बघत होते आणि खरं सांगते, माझ्या पोटात गोळा आला होता. बारकी त्यांना बघून वेडी झाली तर मला वाईट वाटेल, आणि तिनं ओळखलंच नाही तर त्याहून वाईट वाटेल. बारकी बाहेर गेली. एकदा भुंकली. मग अंगाचं धनुष्य करून, कान मागं टाकून, तोंडानं कूं कूं करत त्यांच्या पायांशी. वहिनी खाली बसल्या. आणि मग बारकीनं त्यांची साडी हुंगायला सुरुवात केली. पायापासून, निऱ्यांपासून, पदरापर्यंत, इंच इंच, घाई न करता, एका जागी पुन्हा मागं येऊन. चाटणं नाही, उड्या नाहीत, नुसतं हुंगणं. वहिनी हसायला लागल्या. "वास घेतंय. घरात आता कोण कोण हाय ते बघतंय."

चहा झाला, सोनं दिलं-घेतलं. सासूबाईंनी कडाकणी पुढं केली. मी मिक्सरचं सगळं सांगितलं, दाराशी जाऊन बसते ते, आणि त्या संध्याकाळचं. वहिनींनी कप खाली ठेवला. "ताई, त्यो मिक्सर तिच्यासाठी न्हवता. माझ्यासाठी व्हता. रिक्षा चालू झालेली मला ऐकवत न्हाई. सगळ्यांच्या टायमाला लावतो मी." मग बारकीकडे बघून म्हणाल्या, "आन् ही दाराशी जाणारच की. डब्याचं वाटण रोज सकाळी व्हायचं. वाटण झालं, मिक्सर थांबला, की मी दार उघडायचो आन् ह्यांना अंगणात सोडायचो. ऊन यायचं तवा. लै आवडायचं तिला उनात."

मी काही बोलले नाही. नवऱ्यानं उठून पुढचं दार सताड उघडलं, रात्रीचं. बारकीनं त्याच्याकडे बघितलं आणि ती वहिनींच्या पायावरच बसून राहिली.

निघताना वहिनी जरा घुटमळल्या. त्यांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, राधानगरीकडे चार दिवस जायचं होतं. घरात आता काळ्या म्हणून एक आहे, गावठी, पोरसवदा, गाडी लागून डोक्याला मार बसलेला, फिट येते त्याला. बारा बारा तासांनी गोळी. नवरा पाळीला जातो, त्याच्याच्यानं वेळा सांभाळणं होत नाही. त्या माझ्याशी बोलत होत्या, पण उत्तर आलं मागून. "इथं आणून सोड की," सासूबाई म्हणाल्या. "गोळी मी देतो. मला माझी बीपीची कधी चुकलीय?"

वहिनींनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग त्यांचा आवाज एकदम कामाचा झाला. सकाळी सात, संध्याकाळी सात. एकही गोळी चुकवायची नाही, मधेच बंद तर अजिबात करायची नाही. फिट आली तर तोंडात हात घालायचा नाही, आजूबाजूचं सामान सरकवायचं, किती वेळ चालली ते घड्याळात बघायचं आणि पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट डॉक्टर. दोघांना घरात एकदम समोरासमोर आणायचं नाही. आधी बाहेर रस्त्यावर फिरवायचं, एकाच दिशेनं, दोन माणसांनी, मधे अंतर ठेवून, आणि तसंच चालत आत यायचं. वाडगी दोन खोल्यांत. मी फ्रिजवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून घेत होते. "खातो काय त्यो?" सासूबाईंनी विचारलं. "सगळं खातंय, आज्जी. भाकरी लै आवडतीय." नवरा तोवर माळ्यावर चढला होता. मुलगी रांगायची तेव्हा जिन्याच्या तोंडाशी लावायचं लाकडी फाटक तिथं कुठंतरी आहे, म्हणत धुळीत खोकत होता.